वैजीनाथ कंडक्टरचा माईक

परभणीत स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर बालाजीचं साउंडचं दुकान आहे. लग्नातले भोंगे, भजनी मंडळाचे माईक, कीर्तनकारांच्या गळ्यात अडकवायचे माईक, सगळं त्याच्याकडे मिळतं. दिवाळीच्या तोंडावर त्याच्या दुकानात एक गिऱ्हाईक असं आलं, की बालाजी पार बेजार झाला. माणूस घेतही नव्हता आणि जातही नव्हता. काचेवर मांडलेला एकेक माईक उचलायचा, तळहातावर तोलायचा, परत ठेवायचा. दुपारी जेवायला म्हणून उठून गेला आणि परत येऊन त्याच स्टुलावर बसला. तोंडावर ना हौस, ना घाई.

"काका, पोरगी बघायला गेलेले लोक बी इतकं निरखून बघत न्हाईत हो," बालाजी म्हणाला.

"बरं," गिऱ्हाईक म्हणालं.

आता याच्यावर कुणी काय बोलावं!

हा वैजीनाथ. जिंतूर डेपोचा रिटायर कंडक्टर. सगळी नोकरी लाल गाडीत गेली. कोणत्या फाट्यावर कोणती म्हातारी चढते, कुणाच्या पाटीत काय आहे, कुणाचा जावई रुसून बसलाय, सगळं याला मालूम. गाडीत बोलायला लागला तर मागच्या सीटवर झोपलेला माणूस उठून हसायचा. सुट्टे नसले तर प्रवाशाची अशी फिरकी घ्यायचा, की तोच प्रवासी दुसऱ्या दिवशी मुद्दाम त्याच्याच गाडीला थांबायचा. तोच हा माणूस. उन्हाळ्यात बायको गेली आणि तेव्हापासून त्याचं तोंड मिटलं ते मिटलंच.

प्रभावती गेलीही कशी? सकाळी भाकरी केल्या, छातीत कळ आली म्हणाली, आणि परभणीला नेता नेता वाटेतल्या बोरी गावाच्या अलीकडेच सगळं संपलं. वैजीनाथ रडला नाही. लोक म्हणाले, धक्का बसलाय, दहाव्याला रडेल. दहाव्यालाही रडला नाही. तेराव्याला पंगतीत वांग्याची भाजी कमी पडतेय, हे वाढप्यांना यानेच जाऊन सांगितलं. माणूस म्हणावं का दगड, असं कुणीतरी कुजबुजलं आणि ते नेमकं त्याच्या कानावर पडलं. त्याचंही त्याला काही वाटलं नाही. वाटावं, असं त्याला फार वाटायचं. पण नाही वाटायचं, त्याला तो तरी काय करणार? नळ आला की पाणी भरायचा, ताटात पडेल ते खायचा, अंथरुणावर पडायचा. झोपही लागायची, आणि ती लागते याची त्याला लाज वाटायची. तेवढीच काय ती एक लाज शिल्लक होती, बाकी आत सगळं बधिर होतं.

एकच गोष्ट त्याला पाहिजे होती. प्रभावतीचा आवाज.

घरात तिचे फोटो रग्गड होते. लेकीच्या लग्नाचं शूटिंग होतं, त्यात प्रभावती इकडून तिकडे धावताना दिसायची, ओठ हलताना दिसायचे, पण शूटिंगवाल्याने वरून सनईचं गाणं चढवून ठेवलेलं. फोनवर ती बोलायची तेवढं बोलायची, कोण कशाला रेकॉर्ड करतंय? आणि गाणं म्हणाल तर ती फक्त स्वयंपाकघरात गायची. हा बाहेरच्या खोलीत, ती आत, मधे भिंत. हा पाणी प्यायला म्हणून आत शिरला, की गाणं बंद. "म्हण की," म्हटलं तर "तुमी जावा तिकडं, काई बी तुमचं," म्हणून पदर तोंडाला लावायची. म्हातारी व्हायला आली तरी लाज गेली नाही बाईची.

तसा आवाज जगात आता एकच उरला होता. प्रभावतीची थोरली बहीण धुरपदाबाई. फोनवर दोघींतली कोण बोलतेय, ते सख्ख्या आईला ओळखू यायचं नाही, इतका एकसारखा. देवगाव फाट्यावर उतरून थोडं आत गेलं, की धुरपदाबाईचं गाव. तिचा लेक आणि सून दर साली दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, आणि नातवंडांना बघायला म्हातारीही त्यांच्यासोबत कारखान्यावर जाते. उसाच्या पाचटाच्या कोपीत राहायचं, थंडीवाऱ्यात. गेल्या साली परत आली ती छाती भरून खोकतच आली. यंदाही दिवाळी झाली की ट्रक येणार होता. परत येईल तेव्हा तो आवाज राहतो की जातो, कुणी सांगावं?

म्हणून ट्रक यायच्या आत वैजीनाथला तो आवाज धरून ठेवायचा होता. एकदा तो आवाज कानात पडला तर आपल्या आत काहीतरी हलेल, निदान रडू तरी येईल, अशी त्याची आशा होती. पण हे बोलून दाखवायचं कुणाला? लेकीलाही त्याने सांगितलं नव्हतं.

लोकांना सांगायला दुसरं कारण होतं, आणि तेही काही खोटं नव्हतं. लेक ज्ञानेश्वरी परभणीत कॉलेजात मराठी शिकवते. गावोगावच्या जुन्या माणसांच्या मुलाखती आणि गाणी गोळा करायचं काम तिने काढलं होतं. बाप दिवसभर भिंतीकडे बघत बसलेला तिच्याने बघवेना. "बाबा, सगळे रस्ते तुमच्या पायाखालचे. माणसं ओळखीची. तुम्हीच जा," असं म्हणून तिने त्याला जुंपलं. वैजीनाथ निमूट गेला. म्हाताऱ्यांच्या पुढ्यात मोबाइल धरून रेकॉर्ड करून आणलं. लेकीने ऐकलं आणि डोक्याला हात लावला. म्हाताऱ्याचा आवाज नावाला, बाकी सगळा वारा. शेळ्या, पंखा, मोटरसायकल, आणि आतून कुणाची तरी सून "च्या ठिवू का" म्हणून विचारतेय, ती तेवढी स्पष्ट.

"कॉलेजचा रेकॉर्डर देते तुम्हाला," ज्ञानेश्वरी म्हणाली. "पण माईक एक चांगला घ्या. हातात धरायचा. मजबूत."

तर असा हा माणूस बालाजीच्या स्टुलावर येऊन बसला होता.

बालाजीने आधी त्याला कंडेन्सर माईक दाखवला. "काका, ह्याचा कान लय तिखट. गाणं घ्यायचं तर ह्याच्यासारखा न्हाई. गाणाऱ्याचा श्वास बी घेतो." रेकॉर्डरला जोडून हेडफोन वैजीनाथच्या कानावर चढवला. खरंच की! पंख्याची कुरकुर, रस्त्यावरचा रिक्षावाला, समोरच्या दुकानात कुणी शिंकलं तेही कानात आलं.

"खाली पडला तर?" वैजीनाथने विचारलं.

"पाडू नका ना मंग."

वैजीनाथने तो परत ठेवला. कंडक्टरकी केलेल्या माणसाला हे पटण्यातलं नव्हतं. हातातली वस्तू पडतेच. तिकिटाचं मशीन पायरीवरून थेट डांबरावर गेलेलं त्याने कितीदा उचललं होतं. शिवाय हा माईक म्हाताऱ्या माणसांच्या हातात जाणार. त्यांची बोटं थरथरतात, आणि जाणतेपणी नाही तर नेणतेपणी तो पडणारच.

मग बालाजीने बिनवायरचा काढला. दिसायला झ्याक. वैजीनाथने विचारलं, सेल उतरला तर? बालाजी म्हणाला, सेल बदलायचा. वैजीनाथने मान हलवली. गाणं रंगात आलेलं असताना "थांबा बाई, सेल उतरला," असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? आणि एकदा थांबलेली बाई पुन्हा गाईल, याचा जिम्मा कुणी घ्यायचा?

शेवटी बालाजीने खालच्या कप्प्यातून एक काळा, जाडजूड माईक वर काढला. डायनॅमिक. डोक्यावर लोखंडी जाळी, अंग भरीव, हातात घेतला की मनगटाला कळावं असं वजन.

"ह्याला सेल नको, करंट नको, काई नको. भजनी मंडळं डोळे झाकून हेच नेतात. तोंडापासून चार बोटांवर धरायचा. जवळचं तेवढंच घेतो, लांबचं सोडून देतो. बाजूला ढोल वाजला तरी ह्याला देणंघेणं न्हाई."

"धरणाऱ्या बाईच्या बांगड्या वाजल्या तर?"

 बालाजीने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि माईकच्या दांड्यावर खुळखुळवला. हेडफोनमध्ये खडखड आली. मग त्याच जातीचा, पण आतला भाग रबरावर बसवलेला दुसरा माईक आणला. त्याच्यावर खुळखुळवलं तर आवाज कुठंतरी दूर आल्यासारखा आला. "हा," वैजीनाथ म्हणाला.

"स्विचवाला देऊ का बिनस्विचचा?"

"तुमी सांगा."

"बिनस्विचचा न्या. न्हाईतर गाणाऱ्याचं बोट लागतं, माईक बंद पडतो, आन तुमी आपले बसून ऐकायलाव. घरी जाऊन बघावं तर रेकॉर्ड कोरं."

"बिनस्विचचा द्या. वायर लांब पाहिजे. आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत येईल एवढी."

कशाला, ते बालाजीने विचारलं नाही. गिऱ्हाईक हाताला लागतंय, तर मधेच उलटतपासणी कोण करतो? त्याने माईक जोडला आणि म्हणाला, "बोला काईतरी. फुंकर तेवढी मारू नका. सगळे आधी फुंकरच मारत्यात."

वैजीनाथ माईककडे बघत राहिला. बोलायचं काय? गाडीत तोंडाचा पट्टा चालवणाऱ्या माणसाला एक वाक्य सुचेना. शेवटी म्हणाला, "देवगाव फाटा. देवगाव फाटावाले उतरा." हेडफोनमधून आवाज आला तो ओळखीच्या माणसाचा, पण कुठे भेटला होता ते आठवू नये असा. त्याने हेडफोन काढून ठेवला.

"पाडून बघू का?" त्याने विचारलं.

"बघा. पण फुटला तर तुमचा."

वैजीनाथने कमरेइतक्या उंचीवरून माईक फरशीवर सोडला. खाडकन आवाज झाला. दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. बालाजीने डोळेच मिटून घेतले. जाळीला एका बाजूने पोचा आला होता. वैजीनाथने माईक उचलला, तोंडाशी धरला आणि पुन्हा देवगाव फाटावाल्यांना उतरवलं. आवाज आधीसारखाच आला.

"आतून नवा देतो, थांबा," बालाजी म्हणाला.

"हाच द्या."

"अहो, पोचा आलाय त्याला!"

"हाच."

दुसऱ्याच दिवशी त्या माईकची खरी परीक्षा झाली. जिंतूरजवळच्या एका गावात नागनाथ म्हणून म्हातारा गोंधळी आहे. वैजीनाथ त्याच्याकडे गेला. नागनाथच्या अंगात इतकं बळ कुठून येतं कोण जाणे, पण बोलायला लागला की हातवारे आवरत नाहीत. हातात माईक आहे हेच तो विसरला. देवीची गोष्ट सांगता सांगता त्याने माईक असा फिरवला, की तो हातातून सुटून ओट्यावरून खाली मोरीच्या दगडावर गेला. नागनाथने तो उचलला, धोतराला पुसला, जाळीवर दोनदा चापट मारली आणि म्हणाला, "हां, तर कुठवर आलो होतो मी?" पुढे संबळ घेतली आणि वाजवली. वैजीनाथ समोर उकिडवा बसून माईक कधी म्हाताऱ्याच्या तोंडाशी, कधी संबळेशी धरत राहिला. सगळं नीट आलं. आजूबाजूला पोरांचा कालवा चाललेला, त्यातलं अक्षरही आलं नाही.

ज्ञानेश्वरीने रात्री फोन केला. "बाबा, काय सुरेख आलंय हो! तुम्ही तर उस्ताद निघालात."

"बरं," वैजीनाथ म्हणाला आणि भाकरी कुस्करायला लागला.

आता धुरपदाबाई. तिथे मोठी पंचाईत होती. बायकोची थोरली बहीण म्हणजे अकडसासू, सासूच्या मानाची. जावयासमोर ती डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, त्याच्यासमोर बसून जेवत नाही, बोलली तर दाराच्या आडून बोलते. धाकटीचं लग्न झाल्यापासून धुरपदाबाईने हा नेम पाळलेला. नागनाथसारखं तिच्यापुढे उकिडवं बसून तोंडाशी माईक धरायचा म्हटलं, तर बाईने घर सोडून पळ काढला असता. लांब वायरचं कोडं ते हे. माईक तिच्याच हातात, ती आतल्या खोलीत एकटी, हा बाहेर. म्हणूनच तर बांगड्या, म्हणूनच स्विच, म्हणूनच पाडापाडी.

फोनवर तिला पटवायलाही वेळ लागला.

"काई बी काय पाव्हणं," ती म्हणाली. "मी तुमच्यापुढं गाणी म्हणू? लोक काय म्हणतील?"

"माझ्यापुढं न्हाई, आक्का. मी बाहेर बसतो. मधी दार हाय."

"पंचमीची गाणी ती, आन पंचमी तर कव्हाच सरली. आता कामून?"

वैजीनाथच्या ओठांवर खरं कारण आलं होतं. पण तो म्हणाला, "ज्ञानेश्वरीला पाहिजेत. तिच्या कॉलेजात."

"पोरीला पाहिजेत? मंग या."

दिवाळी झाल्यावर तो गेला तेव्हा घर उचलून नेल्यासारखं झालं होतं. गोण्या बांधलेल्या, भांडी पोत्यात भरलेली, कोयते एका फडक्यात गुंडाळून दाराशी ठेवलेले. ट्रक दुसऱ्या दिवशी सकाळीच फाट्यावर येणार होता. लेक-सून बाजाराला गेले होते. नातवंडं अंगणात धुडगूस घालत होती. वैजीनाथ बाहेरच्या खोलीत पोत्यावर बसला. आतल्या दाराला जुन्या लुगड्याचा पडदा होता. त्याने पडद्याच्या कडेने माईक आत सरकवला. हिरव्या बांगड्यांचा एक हात पुढे आला आणि माईक घेऊन गेला.

त्याने कानाला हेडफोन लावला आणि लगेच ओढून काढला. आतून फूऽऽ अशी फुंकर आली होती.

"आक्का, फुंकू नका. बोला."

"काय बोलू?"

"नाव सांगा."

"माझं नाव? तुमाला मालूम न्हाई का?"

"मशीनला सांगा."

धुरपदाबाईने रेशन दुकानात सांगावं तसं ठणठणीत नाव सांगितलं, नवऱ्याचं आणि गावाचंही. मग वैजीनाथने सांगितलं, की माईक तोंडापासून चार बोटांवर धरा. त्यावर आतून प्रश्न आला, "चार बोटं तुमची का माझी?" उन्हाळ्याआधीचा वैजीनाथ असता तर या प्रश्नावर त्याने अर्धा तास धमाल केली असती. आताचा म्हणाला, "तुमची."

 मग धुरपदाबाई घसा साफ करून गायला लागली.

"शिवंवरच्या बाभळीखाली कोण उभं गं सावलीला?"

तोच आवाज. अगदी तोच. तीच बारीक खरखर, शेवटचं अक्षर तसंच वर उचलायचं. चार बोटांवरून थेट कानात. वैजीनाथ ताठ बसला. आता, त्याला वाटलं. आता काहीतरी होईल. तो वाट बघत राहिला, पण आत काहीच झालं नाही. तोच आवाज आहे, एवढं त्याच्या डोक्याने नोंदवलं आणि छाती होती तशीच राहिली.

आणि आवाज थांबला.

वैजीनाथने रेकॉर्डरकडे पाहिलं. आवाज दाखवणारा काटा पार खाली बसलेला. वायर निघाली का? त्याने वायर दाबून बघितली. ती घट्ट होती. अंगणात पोरं बोंबलत होती, पण हेडफोनमध्ये त्यांचा आवाज नव्हता. जवळचं तेवढंच घेणारा माईक त्यानेच निवडला होता. तो उठणार, इतक्यात आतून पुन्हा आवाज आला.

"कोण बसलं गं झोक्यावरी, कोण झोका देतं बाई?"

आणि परत थांबला. पुन्हा तेवढाच वेळ. एक ओळ म्हणायला लागावा तेवढा.

मग वैजीनाथच्या ध्यानात आलं. पंचमीला बायका फेर धरतात, तेव्हा एक जण ओळ टाकते आणि दुसरी झेलते. थोरली विचारायची, धाकटी उत्तर द्यायची. माहेरी असताना दोघींची जोडी होती. धुरपदाबाई आत एकटी बसून आपल्या ओळी टाकत होती आणि सवयीने पुढची जागा सोडत होती, धाकटीसाठी.

त्या रिकाम्या जागेत वैजीनाथला एक ओळ आठवली. *थोरली बसली झोक्यावरी, धाकटी देता थकत न्हाई.* ही ओळ त्याने भिंतीपलीकडून किती वर्षं ऐकली होती! ही आणि हिच्यासारख्या दुसऱ्या. प्रभावती एक ओळ म्हणायची, गप्प व्हायची, मग दुसरी म्हणायची. मधल्या वेळात ती भाकरी उलटत असेल, चूल फुंकत असेल, असं तो धरून चालला होता. ती भाकरी उलटत नव्हती. ती आक्काची ओळ होईपर्यंत थांबत होती. इतकी वर्षं त्याने उत्तरं ऐकली होती, आणि त्यांना कुणीतरी काही विचारत असेल, हे त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं.

आतून गाणं बंद झालं.

"पाव्हणं," धुरपदाबाई म्हणाली.  "पुढं जमंना. तिच्या ओळी माझ्या तोंडून निघंनात. मी थांबायलेय आन कुणी झेलायलंच न्हाई."

"तुमी तुमच्या म्हणा, आक्का."

"अशा अर्ध्या?"

"अर्ध्याच म्हणा."

"झोका गेला गं आभाळी, खाली कव्हा गं यायाचा?"

पुढच्या जागेत वैजीनाथने प्रभावतीची ओळ म्हटली. गायली नाही, नुसती म्हटली, तिकीट विचारावं तशा सपाट आवाजात. "माय हाक मारील तव्हा, तव्हा खाली गं यायाचा."  जावई पंचमीच्या गाण्यात बोलला, असं कुणी ऐकलंय का कधी! पण धुरपदाबाई थांबली नाही. तिने पुढची ओळ टाकली, आणि याने झेलली. अशी त्यांनी सगळी गाणी म्हटली, तिने आतून, त्याने बाहेरून. शेवटी धुरपदाबाई माईक हातात धरूनच रडली, आणि ते सगळं हेडफोनमधून त्याच्या कानात आलं. तो तसाच बसून राहिला. वायर गुंडाळताना त्याचे डोळे कोरडे होते.

दुसऱ्या दिवशी तो फाट्यावर गेला. धुरपदाबाई ट्रकमध्ये गोण्यांवर बसली होती, मांडीवर नातू. याला बघून तिने पदर पुढे ओढला आणि मान वळवूनच म्हणाली, "जपून राहा, पाव्हणं." ट्रक गेला. वैजीनाथ सेलूकडून आलेल्या गाडीत बसून जिंतूरला परतला. एवढं सगळं करून आत काही हललं नव्हतं. आता आणखी काय करावं, हेही त्याला कळत नव्हतं.

चार-दोन दिवसांनी ज्ञानेश्वरीचा फोन आला. तेव्हा तो दारात उभा राहून नळाला आलेलं पाणी भरत होता.

"बाबा, मावशीचं ऐकलं," ती म्हणाली.  "मला एकदम आईच... जाऊ द्या. काम सांगते. आवाज छान आलाय, पण गाणं मधे मधे तुटतंय. एक ओळ येते, मग काहीच नाही, मग पुढची. वायर सैल होती का? मी असं करते, त्या रिकाम्या जागा कापून टाकते आणि ओळी जवळ आणते. म्हणजे गाणं सलग होईल."

"कापू नको!"

वैजीनाथ इतक्या मोठ्याने ओरडला, की त्याचा तोच दचकला. हातातला पाइप सुटला आणि पाणी अंगणभर पसरायला लागलं.

"अहो, पण का?"

त्याने स्वतः म्हटलेल्या ओळी माईकने घेतल्याच नव्हत्या. तो लांब बसला होता, भिंतीच्या अलीकडे.

"तिथं तुझ्या आईच्या ओळी हायेत," तो म्हणाला. "त्या जागा तिच्या हायेत."

 मग फोनमधूनच धुरपदाबाईचा बारीक आवाज आला, ज्ञानेश्वरी पुन्हा लावून बघत होती. कोण उभं गं सावलीला? आणि मग काही नाही.

"बाबा," लेक हळूच म्हणाली, "पण तिथं तर काहीच ऐकू येत नाही."

"न्हाई येत," वैजीनाथ म्हणाला. "आता न्हाईच येणार ते, माय."

आपण काय बोललो ते त्याला बोलून झाल्यावर ऐकू आलं. त्याच्या तोंडून हुंदका फुटला, मग दुसरा, आणि मग त्याला आवरेना. फोन कानाला तसाच धरून, चिखलात उभा राहून, तो मोठमोठ्याने रडायला लागला आणि पलीकडून लेक "बाबा, बाबा" करत राहिली.